कोबाल्टने आतडं थांबतं, मानेचा स्नायू का थांबत नाही? धातूंचे आयन आणि कॅल्शियम चॅनेल

नांदेडच्या एका एम.फार्म. विद्यार्थिनीने विचारलेलं थोडक्यात असं आहे. बाथमध्ये, म्हणजे ऊतक जिवंत ठेवून आकुंचन नोंदवायच्या भांड्यात, कोंबडीच्या इलियमच्या (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या) तुकड्यावर २ मिलिमोलर कोबाल्ट क्लोराइड दिलं, तर पोटॅशियम क्लोराइडचं आकुंचन जवळजवळ बंद झालं, ॲसिटिलकोलीनचं मात्र निम्मंच कमी झालं. कॅडमियम क्लोराइड घातलं की बाथमधलं टायरोड (ऊतक जिवंत ठेवणारं क्षारांचं द्रावण) दुधाळ होतं आणि आलेख दर वेळी वेगळा येतो. सीनियरने कोंबडीच्या मानेच्या स्नायूवर तेच कोबाल्ट दिलं, तर एकदा आकुंचन थांबलं आणि एकदा काहीच फरक पडला नाही. वर गाइडचा प्रश्न: कोबाल्टचा आयन कॅल्शियमपेक्षा लहान आहे, मग तो कॅल्शियम चॅनेलमध्ये (पेशीपटलातल्या, कॅल्शियम आत सोडणाऱ्या प्रथिनाच्या वाटेत) अडकतो कसा, सरळ आत का निघून जात नाही?

प्रश्न चार दिसतात, पण मुळात दोनच आहेत. धातूचा आयन चॅनेल अडवतो म्हणजे नेमकं काय करतो, हा पहिला. आणि स्नायू थांबला यावरून त्याचा कॅल्शियम चॅनेल बंद झाला असं कधी म्हणता येतं, हा दुसरा. प्रबंध तपासताना घोळ बहुतेक दुसऱ्यात सापडतो, पण पहिला नीट कळला तर दुसराही सोपा जातो.

आधी गाइडचा प्रश्न घेऊ. कोबाल्टच्या आयनाची त्रिज्या साधारण ०.७५ अँगस्ट्रॉम, कॅल्शियमची १.००. पण चॅनेलचं छिद्र सर्वांत अरुंद जागीही साधारण ६ अँगस्ट्रॉम व्यासाचं आहे. कॅल्शियम नसलेल्या द्रावणात टेट्रामिथाइल अमोनियमसारखा जाडजूड आयनसुद्धा त्यातून जातो. म्हणजे चॅनेल आकाराने गाळतच नाही. तो गाळतो पकडीने. छिद्राच्या आत ग्लुटामेट नावाची चार अमिनो आम्लं आहेत, प्रथिनाच्या चार भागांतून प्रत्येकी एक. त्यांचे ऋणभारित कार्बोक्सिल गट आत तोंड करून असतात आणि दोन धनभार असलेल्या आयनाला धरून ठेवतात. ही पकड घट्ट आहे: बाहेर १ मायक्रोमोलरच्या आसपास कॅल्शियम असलं तरी सोडियमची वाट अडते. त्याहून कॅल्शियम कमी केलं, तर हाच चॅनेल सोडियम बिनदिक्कत सोडतो. १९८४ साली आल्मर्स आणि मॅक्लेस्की यांनी हे बेडकाच्या स्नायूवर दाखवलं. म्हणजे कॅल्शियम चॅनेल अडवणारा पहिला आयन खुद्द कॅल्शियमच आहे, हे ध्यानात ठेवा.

आता इथे एक पेच आहे. पकड इतकी घट्ट असेल, तर आयन स्वतःहून सुटायला सुमारे एक मिलिसेकंद लागेल, म्हणजे सेकंदाला हजारभर आयन. प्रत्यक्षात उघड्या चॅनेलमधून सेकंदाला दहा लाखांच्या घरात कॅल्शियम जातो. याचा उलगडा असा की छिद्रात एका वेळी एकापेक्षा जास्त आयन येऊ शकतात, आणि मागून आलेल्या दुसऱ्या कॅल्शियमच्या भाराच्या रेट्याने पहिल्याची पकड सुटते. एसटीच्या दारात उभा राहिलेला माणूस मागच्या रेट्याने आत ढकलला जातो, तसंच. बाहेर कॅल्शियम दीड-दोन मिलिमोलर असतं, त्यामुळे रेटा सतत चालू राहतो.

कोबाल्ट किंवा कॅडमियम आला की हा रेटा पुरा पडत नाही. कॅडमियमची त्रिज्या ०.९५, म्हणजे कॅल्शियमला अगदी जवळची. तो कॅल्शियमइतक्याच सहज आत शिरतो, पण ग्लुटामेटना कितीतरी जास्त घट्ट बसतो आणि सुटायला वेळ लावतो. तो बसलेला असेपर्यंत तेवढा चॅनेल बंद. कोबाल्टचं थोडं वेगळं आहे. पाण्यातला प्रत्येक आयन स्वतःभोवती पाण्याचे रेणू घेऊन फिरतो, आणि ग्लुटामेटला चिकटायचं तर त्यातले काही सोडावे लागतात. कॅल्शियम हे पाणी सेकंदाला दहा कोटींहून जास्त वेळा बदलतो, कोबाल्ट दहा लाखांच्या आसपास, मॅग्नेशियम लाखभर, आणि निकेल जेमतेम दहा हजार वेळा. लहान आयनाचा भार छोट्या जागेत एकवटलेला असतो, म्हणून तो पाणी घट्ट धरतो. कोबाल्ट, निकेलमध्ये इलेक्ट्रॉनांच्या रचनेचाही त्यात वाटा आहे. त्यामुळे कोबाल्ट आत शिरायला हळू आणि बसला की निघायलाही हळू. त्याच्या लहानपणाचा त्याला फायदा होत नाही, उलट तेच आड येतं. गाइडना एवढं सांगितलं तरी पुरे.

‘निघून जात नाही’ हेही पूर्ण खरं नाही. एकेका चॅनेलवरच्या नोंदींत (लान्समन, हेस आणि त्सिएन, १९८६) दिसलं, की पेशीचा आतला भाग बराच ऋण केला तर कॅडमियम आतल्या बाजूला खेचला जातो आणि अडवणूक सैल पडते. मँगनीज तर अडवतोही आणि थोडा-थोडा आतही जातो. मेंदूच्या आणि हृदयाच्या एमआरआय संशोधनात मँगनीज वापरतात ते यावरच. तुमच्या प्रयोगात याचा परिणाम असा, की कोबाल्टवर वॉश दिला की ऊतक बऱ्यापैकी पूर्वपदावर येतं, कॅडमियमवर मात्र अर्धवटच. थोडा कॅडमियम पेशीत गेलेला असतो आणि तिथल्या सल्फरयुक्त प्रथिनांना धरून बसतो. म्हणून एकाच तुकड्यावर आधी कॅडमियम आणि मग कोबाल्ट असा क्रम कधीही लावू नका.

‘कोणता धातू किती मात्रेला अडवतो’ याचं उत्तर परिस्थितीवर ठरतं. बाहेर कॅल्शियम किती, पेशीचं विद्युतदाब किती, चॅनेल कोणत्या जातीचा, द्रावणात दुसरं काय आहे, हे चारही सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. ढोबळ अंदाज द्यायचा तर हृदय आणि गुळगुळीत स्नायूंतल्या एल-प्रकारच्या (विद्युतदाब बराच बदलल्यावर उघडणाऱ्या आणि बराच वेळ उघड्या राहणाऱ्या) चॅनेलसाठी, कॅल्शियम २ मिलिमोलरच्या आसपास असताना, लँथॅनम आणि कॅडमियम काही मायक्रोमोलरपासून काम करू लागतात आणि १०० मायक्रोमोलर कॅडमियमला चॅनेल जवळजवळ पूर्ण बंद होतो. कोबाल्ट आणि मँगनीजला १ ते ५ मिलिमोलर लागतं. मॅग्नेशियम सगळ्यांत दुबळा. हागिवारा आणि ताकाहाशी यांनी १९६७ साली बार्नॅकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या सागरी प्राण्याच्या जाड स्नायूतंतूंवर जी क्रमवारी लावली, तीही साधारण हीच: लँथॅनम वर, मग जस्त आणि कोबाल्ट, मग मँगनीज, मग निकेल, आणि मॅग्नेशियम तळाला. निकेल मात्र जपून वापरा. टी-प्रकारच्या (थोड्या विद्युतदाब-बदलाने उघडून लगेच मिटणाऱ्या) चॅनेलपैकी एक जात, सीएव्ही ३.२, निकेलला १० मायक्रोमोलरच्या आसपास आणि जस्ताला १ मायक्रोमोलरलाच निम्मी बंद पडते. एल-प्रकाराला निकेल शेकडो मायक्रोमोलर लागतं.

बेरियममध्ये मोजलेले आकडे टायरोडला लावू नका. पॅच-क्लॅम्पच्या (चॅनेलमधला विद्युतप्रवाह थेट मोजण्याच्या तंत्राच्या) शोधनिबंधांत कॅल्शियमऐवजी बेरियम वापरतात, कारण प्रवाह मोठा मिळतो. बेरियमची पकड कमकुवत असल्याने स्पर्धक दुबळा असतो आणि अडवणारा धातू आहे त्याहून ताकदवान दिसतो.

आता स्नायूकडे वळू. इथेच तुमचा आणि तुमच्या सीनियरचा पेच सुटतो.

आतड्याच्या गुळगुळीत स्नायूत पोटॅशियमने पेशीचा विद्युतदाब उतरतो, एल-प्रकारचे चॅनेल उघडतात, आणि आकुंचन जवळजवळ सर्वस्वी त्यातून आत येणाऱ्या कॅल्शियमवर चालतं. कोबाल्टने ते थांबणारच. ॲसिटिलकोलीनचे मात्र दोन रस्ते आहेत. एक रस्ता विद्युतदाब उतरवून याच चॅनेलकडे जातो. दुसरा मस्करिनिक रिसेप्टरवरून (ॲसिटिलकोलीन पकडणाऱ्या प्रथिनावरून) आयपी-३ या निरोप्या रेणूमार्गे पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याकडे जातो, आणि तो साठा चॅनेल बंद असला तरी कॅल्शियम सोडतो. तुमचं उरलेलं निम्मं आकुंचन बहुधा हे दुसरं आहे. आलेखाचा आकार पाहा: सुरुवातीचा टोकदार उंचवटा राहिला असेल आणि नंतरचा टिकून राहणारा भाग गेला असेल, तर अंदाज बरोबर आहे. खात्री करायची तर वेगळ्या तुकड्यावर १० मायक्रोमोलर व्हेरापामिल (एल-चॅनेल बंद करणारं औषध) देऊन पाहा. व्हेरापामिलनेही साधारण तेवढंच उरलं, तर कोबाल्ट फक्त चॅनेलवरच काम करतोय असं म्हणायला आधार मिळतो. कोबाल्टने व्हेरापामिलपेक्षा बरंच जास्त कमी केलं, तर तो धनभारित आयन सोडणारे इतर चॅनेलही अडवतोय असं समजा. धातूंचे आयन औषधांइतके निवडक नसतात. त्याच कामाचं निफेडिपिन वापरलं तरी चालेल, पण ते उजेडाने खराब होतं. बाटलीला फॉइल गुंडाळा आणि खिडकीकडचा पडदा ओढा.

पोटॅशियमच्या प्रयोगात आणखी एक पळवाट राहते. पोटॅशियम आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंनाही चेतवतं आणि ते ॲसिटिलकोलीन सोडतात. त्या मज्जातंतूंच्या टोकांनाही कॅल्शियम चॅनेल आहेत आणि कोबाल्ट तेही बंद करतो. म्हणजे तुमच्या आलेखात स्नायूचा परिणाम किती आणि मज्जातंतूचा किती, हे वेगळं करता येत नाही. उपाय सोपा आहे: पोटॅशियमच्या सगळ्या फेऱ्यांत बाथमध्ये १ मायक्रोमोलर ॲट्रोपिन ठेवा, म्हणजे मस्करिनिक रिसेप्टर बंद राहतो आणि मज्जातंतूंतून सुटलेलं ॲसिटिलकोलीन स्नायूवर काम करत नाही.

मानेच्या स्नायूचं गणित पूर्ण वेगळं आहे. सापळ्याच्या स्नायूतही एल-प्रकारचा चॅनेल आहे, सीएव्ही १.१, आणि तो भरपूर आहे. पण तिथे त्याचं मुख्य काम कॅल्शियम आत सोडणं हे नाही. तो विद्युतदाबातला बदल ओळखतो आणि शेजारच्या रायनोडीन रिसेप्टरला (पेशीतल्या कॅल्शियम साठ्याच्या दाराला) प्रत्यक्ष हलवून साठा उघडतो. छिद्र कोबाल्टने बुजलं तरी ही हालचाल होतच राहते. १९७२ साली आर्मस्ट्राँग, बेझानिला आणि होरोविच यांनी बेडकाच्या स्नायूतंतूभोवतीचं कॅल्शियम ईजीटीए या कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाने जवळजवळ संपवून टाकलं, तरी झटके येत राहिले. हृदयात उलट आहे: तिथे बाहेरून आलेल्या थोड्या कॅल्शियमनेच साठा उघडतो, म्हणून बाहेरचं कॅल्शियम काढलं की हृदय थांबतं. सिडनी रिंगरने हे १८८३ सालीच पाहिलं होतं.

मग सीनियरचा स्नायू एकदा थांबला तो का? इलेक्ट्रोड कुठे होता ते विचारा. कोंबडीच्या बायव्हेंटर या मानेच्या स्नायूत मज्जातंतू स्नायुबंधातून जातो. इलेक्ट्रोड स्नायुबंधावर असेल तर झटका मज्जातंतूमार्गे येतो, आणि मज्जातंतूच्या टोकाला कॅल्शियम आत आल्याशिवाय ॲसिटिलकोलीन सुटत नाही. कोबाल्टने ते बंद होतं, स्नायू गप्प बसतो, आणि आपण समजतो की स्नायूचा चॅनेल अडला. इलेक्ट्रोड थेट स्नायूच्या मांसल भागावर ठेवून, पल्स ०.२ वरून १–२ मिलिसेकंद केला आणि व्होल्टेज वाढवलं, तर तोच स्नायू कोबाल्टमध्येही आकुंचन पावतो. थेट चेतवताना ट्युबोक्युरारीन (मज्जातंतूच्या ॲसिटिलकोलीनचा स्नायूवरचा परिणाम अडवणारं औषध) घातलेलं असावं, म्हणजे मज्जातंतूचा वाटा उरत नाही. प्रसूती विभागात मॅग्नेशियम सल्फेट जास्त झालं की आधी गुडघ्याचा झटका जातो, पुढे श्वास अडतो, आणि उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर शिरेतून सावकाश देतात. तिथेही मुख्य अडवणूक मज्जातंतूच्या टोकाशीच आहे आणि तिथेही कॅल्शियम स्पर्धेनेच ती हटवतं.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: पोटॅशियम आणि आतडं ही जोडी चॅनेलचा पुरावा देते, ॲसिटिलकोलीन आणि आतडं अर्धा पुरावा देते, आणि सापळ्याचा स्नायू एल-चॅनेलचा पुरावा देतच नाही.

आता दुधाळ द्रावण. दोष तुमच्या हाताचा नाही, कृतीचा आहे. नेहमीच्या टायरोडमध्ये लिटरला १ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट असतं, म्हणजे जवळपास १२ मिलिमोलर, शिवाय थोडं फॉस्फेट. कॅडमियम, लँथॅनम, कोबाल्ट यांचे कार्बोनेट आणि फॉस्फेट अविद्राव्य. त्यात आपल्याकडे बऱ्याच प्रयोगशाळांत कार्बोजेनऐवजी (९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांच्या मिश्रणाऐवजी) मत्स्यालयाचा साधा एरेटर लावलेला असतो. साध्या हवेने द्रावणातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच ८ च्या वर सरकतो, कार्बोनेट वाढतं आणि धातू तळाला बसतो. किती बसला ते एरेटर किती वेळ चालला यावर अवलंबून, म्हणून दर वेळी वेगळा आलेख. तुम्ही १०० मायक्रोमोलर लिहिता, पण स्नायूला किती मिळालं ते कुणालाच ठाऊक नसतं. गॅडोलिनियम आणि लँथॅनमच्या बाबतीत तर डोळ्यांना काही दिसत नसतानाही मुक्त आयन नगण्य उरलेला असतो.

धातूंच्या प्रयोगांसाठी हेपीज टायरोड करा, म्हणजे बायकार्बोनेटऐवजी हेपीज हे पीएच स्थिर ठेवणारं बफर असलेलं. एक लिटरला सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.२ (डायहायड्रेट असेल तर ०.२६), मॅग्नेशियम क्लोराइड ०.१ (हेक्झाहायड्रेट असेल तर ०.२१), ग्लुकोज १ ग्रॅम आणि हेपीज २.३८ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोलर. बायकार्बोनेट नको, फॉस्फेट नको, सल्फेटही नको. पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ ला आणा, आणि तेही बाथच्या तापमानाला. हेपीजचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०१५ ने उतरतो. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत जुळवलेलं द्रावण ३७ च्या बाथमध्ये पाव एककाने खाली जातं, आणि मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत जुळवलेलं तसं जात नाही. मग हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे आलेख जुळत नाहीत म्हणून माणूस ऊतकाला दोष देत बसतो. हेपीज असलं की साधी हवा किंवा शुद्ध ऑक्सिजन चालतो. कार्बोजेन लावू नका.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मराठवाड्यात याची गाठ पडतेच. बोअरचं पाणी बेसॉल्टमधून येतं आणि बरेचदा कडक असतं. एकूण काठिण्य लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून ४ मिलिमोलर झालं, म्हणजे टायरोडमध्ये आपण घालतो त्याहून जास्त. डिस्टिलेशन प्लांटमध्ये क्षार साचून पाणी उसळून पुढे गेलं, किंवा टंचाईत कुणी आरओचं पाणी वापरलं, तर तुमचं ‘कॅल्शियम-विरहित’ द्रावण तसं राहत नाही. दुसरा धोका जस्ताचा. जस्ती टाकी, जस्ती पाइप, पितळी तोट्या यांतून जस्त आणि तांबं उतरतं. लिटरला ६५ मायक्रोग्रॅम जस्त म्हणजे १ मायक्रोमोलर, टी-प्रकाराच्या त्या जातीला एवढं पुरतं. काचेच्या प्लांटमधून दोनदा डिस्टिल केलेलं पाणी वापरा आणि त्याची वाहकता मोजून वहीत लिहा.

साठा-द्रावणं अशी. कोबाल्ट क्लोराइड हेक्झाहायड्रेट २.३८ ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये म्हणजे १०० मिलिमोलर. २० मिलिलिटरच्या बाथमध्ये ०.४ मिलिलिटर घातलं की साधारण २ मिलिमोलर. निर्जल कॅडमियम क्लोराइड ०.१८३ ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये म्हणजे १० मिलिमोलर, त्यातलं ०.२ मिलिलिटर घातलं की १०० मायक्रोमोलर. कोबाल्टचे खडे गुलाबी-लाल हवेत. निळसर झाले असतील तर स्फटिकातलं पाणी उडालेलं आहे आणि तुमच्या वजनात कोबाल्ट जास्त येतं. कॅल्शियम क्लोराइडचं उलट, पावसाळ्यात ते पाणी ओढतं. त्याचं १ मोलरचं द्रावण एकदाच करून तेच वापरा. धातूंची द्रावणं प्लास्टिकच्या बाटल्यांत ठेवा, पातळ असली तर काचेला चिकटतात. ईडीटीए, ईजीटीए, सिस्टीन किंवा अल्ब्युमिन यांच्या सोबतीला कॅडमियम कधीच देऊ नका. ईजीटीए कॅल्शियमपेक्षा कॅडमियमला कितीतरी पट घट्ट धरतं.

प्रबंधात ‘स्पर्धात्मक अडवणूक’ असं लिहायचं असेल, तर एका मात्रेचा एक आलेख पुरणार नाही. तुकडा ०.२ मिलिमोलर ईजीटीए असलेल्या कॅल्शियम-विरहित हेपीज टायरोडमध्ये १० मिनिटं ठेवा. मग ईजीटीए काढण्यासाठी साध्या कॅल्शियम-विरहित द्रावणाचे तीन-चार वॉश द्या. हा टप्पा गाळला तर पुढचं सगळं वाया. त्यानंतर ६० मिलिमोलर पोटॅशियमचं कॅल्शियम-विरहित द्रावण भरा, त्यात सोडियम क्लोराइड ८ ऐवजी ४.७ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड ४.४७ ग्रॅम. आकुंचन येता कामा नये. आलं, तर कॅल्शियम कुठून तरी आत येतंय. आता कॅल्शियम ०.१, ०.३, १, ३, १० मिलिमोलर असं चढत्या क्रमाने घाला. हेच ०.३ आणि १ मिलिमोलर कोबाल्टमध्ये करा, त्याआधी १० मिनिटं कोबाल्ट मुरू द्या. कॅल्शियमच्या मात्रेनुसार आकुंचन किती याचा वक्र कोबाल्टमध्ये उजवीकडे समांतर सरकला आणि वरची उंची परत मिळाली, तर स्पर्धा दिसली. शेवटच्या मात्रेला जरा सावध राहा: १० मिलिमोलर कॅल्शियम पेशीपटलाच्या बाहेरचे ऋणभार झाकतं, त्यामुळे चॅनेल उघडायला जास्त विद्युतदाब-बदल लागतो आणि तेवढी घट धातूशिवायही दिसते. म्हणून कोबाल्ट नसलेला, पण तेवढाच वेळ चाललेला जोडीचा तुकडा प्रत्येक दिवशी हवाच.

चिकन सेंटरवरून आणलेलं इलियम गार टायरोडमध्ये आणा आणि तासाभरात बाथमध्ये लावा. अर्धा तास स्थिर होऊ द्या, आणि पोटॅशियमची सलग दोन आकुंचनं सारखी आल्याशिवाय धातूला हात लावू नका.

कॅडमियमला हात लावताना हातमोजे घाला. ते कर्करोगकारक आहे, आणि कोबाल्ट-निकेलने त्वचेला ॲलर्जी होते. बाथमधून निघालेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये साठवा, त्यावर धातूचं नाव आणि तारीख लिहा, आणि कॉलेजच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेतून पाठवा. शेवटी बाथ १ मिलिमोलर ईडीटीएने धुऊन डिस्टिल्ड पाण्याने पाच-सहा वेळा खळबळून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच बाथवर बसणाऱ्या मुलांची आकुंचनं विनाकारण छोटी येतात.